हेल्मेटखालचा पदर

आमच्या गटातल्या मुली चहाला जमल्या की नवीन बोलणं राहूनच जातं. जुने किस्से निघतात आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. मी मात्र झालं तसंच सांगते. म्हणजे, प्राजक्ता समोर नसेल तर.

*

परभणीहून ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आले, पण हॉस्टेलवर कुणाशी सूर जुळेना. रोज फोनवर रडायचे. शेवटी पप्पा म्हणाले, "सेमिस्टर होऊ दे. मी येतो न्यायला. इकडंच बीएस्सी कर."

एकदा बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते, तर दारावर थाप पडली. मुलींच्या सेवागटाची प्रमुख प्राजक्ता बाहेर उभी.

"रडून झालं असेल तर बाहेर ये. उद्या चाकणला जायचंय, बॅनर धरायला एक जण कमी आहे."

मी गेले. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

*

चाकणजवळच्या एका गावात, देवळाच्या मंडपात, प्राजक्ताने 'महिलांसाठी वेळेचं नियोजन' या विषयावर लेक्चर ठेवलं होतं. समोर बसलेल्या बायका पहाटे गोठा, स्वयंपाक उरकून कंपनीत जाणाऱ्या! तरी त्यांनी बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग सुमनकाकू उठल्या. त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायच्या. भाचा बाइकवरून सोडायचा आणि त्याची शिफ्ट बदलली की काकूंचा खाडा. आणखी खाडे झाले तर येऊ नका, असं कॉन्ट्रॅक्टरने बजावलं होतं.

"टायमाचं आमाला कळतंय, बाई," काकू म्हणाल्या. "गाडी शिकवता का?"

गटात स्कूटी एकट्या प्राजक्ताकडे होती, पण तिच्यामागे बसायला आम्हीच घाबरायचो. परभणीत मी आईला गाडी शिकवली होती. हे चुकून बोलून गेले आणि अडकले.

*

काकूंचा बॅलन्स लवकर जमला. अडचण वेगळीच होती. रस्त्यात कुणी वडीलधारं दिसलं की त्यांचा हात हँडल सोडून पदराकडे जायचा. गावात सगळेच चुलत सासरे आणि मोठे दीर, त्यामुळे काकू सारख्या पडायच्या.

मी ओरडले, "काकू, हात सोडू नका ना!"

"मी कुठं सोडती? त्यो आपसूक जातो," काकू गुडघा चोळत म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं जातोय."

यावर आमच्या बऱ्याच मीटिंगा झाल्या. सेफ्टी पिनांपासून रिकाम्या रस्त्यापर्यंत सगळं सुचवून झालं. शेवटी काकूंनीच विचारलं, "ते टोपडं घातलं की डोकं झाकलं जातं का न्हाई?"

पदरावर हेल्मेट चढलं आणि हात जागेवर राहिला. पारावरचे अधू नजरेचे चुलत सासरे नंतर विचारत होते, "कोण म्हणायचा हा पोरगा?"

*

लायसन्सच्या टेस्टला सगळा गट गेला. काकू निम्म्या ट्रॅकपर्यंत छान गेल्या. तेवढ्यात कडेच्या रांगेत गावचे एक आजोबा दिसले. काकूंनी ब्रेक दाबला, पाय टेकवला आणि खाली वाकून नमस्कार करायला निघाल्या.

नापास.

मीच रडायला लागले. काकूंनी माझे डोळे पुसले. "तू कशापायी रडती? नापास मी झाली."

मागून प्राजक्ता म्हणाली, "काकू, तिचं रडणं आम्हाला पाठ आहे. यावेळी निदान नळ तरी सोडला नाही." सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात मीही होते. घर सोडल्यावर मी पहिल्यांदा चारचौघींत रडले होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही. या माझ्या मैत्रिणी आहेत, हे तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या खेपेला काकू पास झाल्या. नोकरी टिकली. मला मात्र पप्पांना 'येऊ नका' म्हणायचा धीर होईना. मीच रडून रडून बोलावलं होतं.

*

पप्पा ठरल्याप्रमाणे आले. बॅगा गेटवर आल्या. तेवढ्यात भाच्याने मिळवून दिलेल्या जुन्या स्कूटीवरून, चाकणपासूनचं सगळं ट्रॅफिक पार करत, सुमनकाकू येऊन थांबल्या. हेल्मेट काढून त्यांनी पप्पांना नमस्कार केला.

"लेक तुमची हाय, न्या. आमी कोण अडवणार? पण गावातल्या बाया रविवारी गाडी शिकायला ग्राउंडवर येणार हायत. त्यांना काय सांगू, तेवढं सांगा."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेचा पट्टा सोडला होता.

पप्पांनी बॅगा गेटच्या आत सरकवल्या. मग काकूंना म्हणाले, "ताई, तुम्ही वल्लभनगरच्या एसटी स्टँडवरून जायलात का? मला सोडा तिथं. एकट्यालाच जायचंय."