खंडेनवमीला रजेवर गेलेले मुखपान

घटस्थापना: ब्राउझर उघडताच समोर येणारे माझे स्वतःचे मुखपान तयार झाले. जबाबदार: माझी सून.

अष्टमी: त्या पानावर माझ्या परवानगीविना आरत्या आणि फराळाच्या कृती असे दोन चौकोन घुसवण्यात आले. जबाबदार: माझी पत्नी.

खंडेनवमी: हरकत नोंदवण्याची मुदत उलटली. जबाबदार: माझी पत्नी, तसेच आमच्या वसाहतीच्या रहिवासी समितीचे चिटणीस, एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही.

वस्तुस्थिती अशी. सावेडीतील आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली एक लोखंडी बाक आहे. सकाळचे फिरणे आटोपल्यावर आम्ही काही निवृत्त मंडळी तेथे बसून देशाचा कारभार तपासतो. हा बाक उचलून कचऱ्याची गाडी थांबते त्या कोपऱ्यात न्यावा, असा ठराव समितीने केला. कारण दिले होते ‘सार्वजनिक सोय’. चिटणीसांनी नुकतीच मोटार घेतली होती आणि गल्लीत सावली तेवढ्या एकाच झाडाची आहे, याचा उल्लेख ठरावात नव्हता. हरकती केवळ समितीच्या संकेतस्थळावर, खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत. कागदी पत्रे स्वीकारली जाणार नाहीत, हे वाक्य ठळक अक्षरांत छापले होते. ते कोणाला उद्देशून होते, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळले असेल.

संकेतस्थळ शोधताना माझी दमछाक होत असे. ‘हरकत’ लिहून शोधावे, तर लग्नाला मुलीकडच्यांची हरकत असल्यास करावयाचे उपाय पुढे येत. शेवटी सुनेला माझी दया आली.

“बाबा, तुम्हाला रोज जे लागतं ते सगळं एका पानावर मांडून देते. लॅपटॉप उघडला की तेच पान. नुसतं बोट ठेवायचं.”

तिने वीजबिल, गॅसची नोंदणी, एसटीचे आरक्षण, शेवगावच्या जमिनीचा सातबारा आणि समितीचा हरकत अर्ज असे सुबक चौकोन मांडले. मी एवढेच सुचवले की, पानाच्या माथ्यावर ‘प्रति’, त्याखाली ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ असावा. त्याविना कोणतेही पान मला उघडे वाटते.

“बाबा, मग चौकोन खाली ढकलले जातात. दर वेळी पान सरकवत बसाल.”

“सरकवीन. पण शिष्टाचार सोडणार नाही.”

तिने तसे केले. हरकतीचा चौकोन तळाशी गेला. मसुदा माझ्याकडे तयार होताच, पण मी तो मुद्दाम राखून ठेवला. हरकत शेवटच्या दिवशीच दाखल करावी, म्हणजे समोरच्याला उत्तर रचण्यास उसंत मिळत नाही, हा माझा आयुष्यभराचा परिपाठ आहे.

खंडेनवमीला आंघोळ करून मी बाहेरच्या खोलीत आलो, तो मेजावर लॅपटॉप नाही. तो देवघरापुढे पाटावर होता. एका बाजूला विळी आणि सांडशी, दुसऱ्या बाजूला माझे शाईचे पेन व घरातले सर्व मोबाईल. लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर माझे मुखपान झळकत होते आणि ‘विषय’ या शब्दावर हळदीकुंकवाचे बोट उमटले होते. वर झेंडूचे फूल.

“अगं, हे काय चालवलं आहेस?”

“हत्यारांची पूजा. आज त्यांना हात लावायचा नाही. उद्या दसऱ्याला उचला.”

“हे हत्यार नाही, हे यंत्र आहे! आणि मुखपान हे तर यंत्रही नाही, तो केवळ दर्शनी भाग आहे.”

“अहो, त्या पेनानं जेवढी माणसं घायाळ केलीत त्याच्या दुप्पट तुम्ही याच्यानं करता. आणि याला हत्यार म्हणायचं नाही?”

सुनेकडे पाहिले. ती साडीचा पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात गेली.

दिवसभर मी पत्नीला पटवत राहिलो की, लॅपटॉपला अवजाराची व्याख्या लागू होत नाही. प्रत्येक मुद्द्यावर तिने एक एक लाडू पुढे केला. संध्याकाळ झाली, मुदत संपली. मी चप्पल घालून बाकावर जाऊन बसलो. उचलायचा तर माझ्यासकट उचला, असा निर्धार होता.

चिटणीस एका फिटरला घेऊन आलेच. बाकाचे पाय फरशीला बोल्टने आवळलेले आहेत.

“उठा काका, मुदत संपली. घे रे, खोल.”

फिटर जागचा हलला नाही. “सायेब, जागा बघून जा म्हनला म्हनून आलो. पाना पूजेला ठिवलाय. आज लोखंडाला हात लावायचा न्हाई.”

“अरे, दोन बोल्ट तर आहेत!”

“दोन आसू द्या न्हाईतर धा. वरीसभर हातात तेच हाय, आज एक दिस त्याला सुट्टी. सोनं लुटलं की येतो.” आणि तो माझ्याकडे वळला. “बसा आजोबा, निवांत बसा.”

चिटणीसांनी मान डोलावली. “ठीक आहे. सणाची सुट्टी मान्य. उद्या ये.”

हे वाक्य त्यांनी माझ्यासमक्ष उच्चारले. मुदतीचा अखेरचा दिवस सुट्टीचा असेल, तर दुसऱ्या दिवशी केलेली कृती मुदतीतच धरतात, हे तत्त्व मला पाठ आहे. मी घरी आलो आणि पत्नीला सांगितले की, लॅपटॉप हे निःसंशय हत्यार आहे.

“सकाळी काय म्हणत होतात?”

“ती प्राथमिक भूमिका होती.”

दसऱ्याच्या पहाटे तिनेच फूल काढून पडदा पुसला. मी मुखपान उघडले, तळापर्यंत सरकवले, चौकोनावर बोट ठेवले. उत्तर आले: मुदत संपली आहे. फिटर सोने लुटून झाल्यावर पाना घेऊन यायचा होता. मी बाकावर आलो, ताज्या पूजेच्या पेनाने हे लिहून काढले. पत्नी साक्षीदार म्हणून शेजारी बसली आहे. ती उठणार नाही, असे तिने फिटरला परस्पर कळवलेही आहे.

चिटणीसांनी याच बाकासमोर, गल्ली आपट्याची पाने वाटायला जमेल तेव्हा, सर्वांदेखत उत्तर द्यावे: खंडेनवमीची जी सुट्टी पान्याला मिळाली, ती माझ्या मुखपानाला का नाही? आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांनी आपली मोटार उन्हातच ठेवावी.