परत दिलेली लेक

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावच्या त्या आळीत कालिपाइतकी फटकळ बाई दुसरी नव्हती. थोरल्या मुलाला, तालांतला, पहिली मुलगी झाली, तेव्हा रीतीप्रमाणे तिने ती आपल्याकडे उचलून आणली. पहिलं नातवंड आजीचं, त्यात सुनेला कोण विचारतंय? आयपेरी कालिपाला आई म्हणत वाढली, आणि शहरातून सणाला येणाऱ्या जन्मदात्रीला वहिनी.

पुढे कालिपाची एक बाजू दुखू लागली. ताप येई-जाई, अंग झडलं, नमद्याच्या जाड गालिच्यासाठी लोकर तुडवताना धाप लागे. ही मेंढीच्या चरबीने शेकत राहिली. शेवटी तालांतने तिला शहरात, बिश्केकला नेलं. डॉक्टरांनी त्यालाच बाजूला घेतलं. असलं दुखणं रोग्याला कुणी सांगत नाही.

"किडनीत गाठ आहे ना? वाईट जातीची?" त्याचा चेहरा पाहून कालिपानेच विचारलं. तालांत रडायलाच लागला.

मरणाचं तिला काही नव्हतं. आपल्यामागे पोर झुरेल, याने मात्र तिच्या काळजाचं पाणी झालं. ऑपरेशनआधी तिने सुनेला बोलावून घेतलं, आयपेरीचे कपडे बांधले आणि माया तुटावी म्हणून मुद्दाम तोडून बोलली.

"मी तुझी आई नाही, आजी आहे. तुझी आई ही, चोलपोन. जा तिच्याकडे."

"मी काय केलं गं, आई?"

"आजी म्हण!"

किडनी काढली, तपासली. कर्करोग नव्हताच. मुतखडा अडकून वर्षानुवर्षं आत मुरलेला संसर्ग होता तो. असा क्वचितच होतो आणि दिसतो हुबेहूब गाठीसारखा. भावकीने आनंदाने मेंढी कापली. कालिपाला मात्र घास गिळवेना.

अंगात त्राण येताच ती पोरीला आणायला शहरात गेली. दार उघडताच चोलपोनचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत या ना, आई," ती कशीबशी म्हणाली. पोटची पोर वहिनी म्हणते, हे या बाईने इतकी वर्षं निमूट ऐकलं होतं. कालिपाला प्रथमच तिची कीव आली. तरी ती बोललीच.

"आयपेरी, चल बाळा. मी बरी झाले. घरी जायचं."

पोर जागची हलली नाही. "पुन्हा आजारी पडलीस, तर पुन्हा परत देशील?"

चहा कालिपाने उभ्यानेच घेतला. निघताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सूनबाई, ही झोपेत पांघरूण फेकते. लक्ष ठेव हो."

"ठाऊक आहे मला, आई," चोलपोन म्हणाली.