मनोरमामावशींची हरकत

मनोरमामावशी दुबईत सत्तावीस वर्षं आहेत आणि त्यातली निम्मी त्यांनी मागच्या अंगणातल्या भिंतीपाशी गप्पा मारत काढली असावीत. भिंत कमरेएवढी. पलीकडे हैदराबादच्या सुरैय्याआपा. इकडून भरली वांगी गेली की तिकडून खट्टी दाल येते. वाटी रिकामी परत करणं दोघींनाही कमीपणाचं वाटतं. मी समोरच राहते, त्यामुळे दोन्ही घरांतला स्वयंपाक मला तोंडपाठ आहे.

तर या आपांनी अंगणाला सहा फुटी कुंपण घालायचा अर्ज केला. आमच्या वसाहतीचा, म्हणजे इथल्या भाषेत कम्युनिटीचा, नियम कमरेपर्यंतचाच. अपवाद हवा तर शेजाऱ्याची ‘हरकत नाही’ अशी सही लागते. तो कागद ऑफिसातून थेट मावशींच्या हातात पडला. आपा त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

मावशींच्या ते जिव्हारी लागलं. त्या जेवल्या नाहीत. म्हणजे दुपारी जेवल्या नाहीत, चार वाजता उपमा खाल्ला. मग तपास सुरू झाला. पहिला संशय शेवटच्या वाटीतल्या कारल्यावर. दुसरा नवऱ्यावर, म्हणजे मुरलीधरकाकांवर, कारण ते बनियनवर अंगणात कपालभाती करतात. काकांची रवानगी बेडरूममध्ये झाली. वाट्या बंद पडल्या. मला मात्र मावशींचा राग आला. शेजारच्या बाईला विचारायचं सोडून या मला काय विचारतात? तसं मी तोंडावर सांगितलं.

शेवटी कागद घेऊन त्या तरातरा गेल्या. मी मागोमाग, अशा वेळी घरी कोण बसेल?

“आपा, मेरा क्या चुका?”

आपा गुडघे चोळत बसल्या होत्या. अंगात व्हिटॅमिन डी नाही, हाडं त्यानेच दुखतात, रोज डोक्यावर-हातांवर ऊन घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एवढ्या उन्हाच्या देशात! पण मागे जॉगिंग ट्रॅक झाल्यापासून डोक्यावरची ओढणी काढून आपा बसणार कुठे?

“तो मुझे बताना था ना.”

“आपको बताती तो शाम तक पूरी गली मेरे घुटनों का हाल पूछती.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. मग त्यांनी पर्स उलटीपालटी करून चष्मा शोधला आणि तिथेच सही केली.

ऑफिसातल्या केरळच्या तरुण साहेबाने तात्पुरती परवानगी दिली, थंडीपुरती. कुंपण उभं राहिलं आणि मावशींचा मुक्कामच त्याच्या आत हलला. आपा केस मोकळे सोडून उन्हात बसत, मावशी त्यांच्या डोक्याला खोबरेल चोळत. काकाही आपल्या अंगणात परतले. थंडी सरेपर्यंत आपा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायला लागल्या, आणि मला मनापासून बरं वाटलं.

मुदत संपली तसा साहेब दाराशी आला. “मॅडम, परमिशन टेम्पररी थी. अब खलास. निकालना पडेगा.”

आपांनी ओढणी डोक्यावर घेतली. तेवढं पाहून मावशी उठल्या.

“बेटा, तुम इधर कितने साल से हो?”

“नौ साल, मॅडम.”

“परमनंट?”

“नहीं मॅडम, व्हिसा पे.”

“मैं सत्ताईस साल से टेम्पररी हूँ. दो-दो साल का रिन्यू करती हूँ. यल्ला, चलो, इसका भी फॉर्म निकालो.”

साहेबाने बॅगेतून नवा अर्ज काढला. शेजाऱ्याच्या रकान्यात मावशींनी चष्मा न शोधताच सही केली आणि कागदावर खोबरेलाचा अंगठा उमटला.