आईनं अजून समुद्र पाहिला नाही

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय!

मी सिंगापूरला शाळेत गणित शिकवते. सुट्टीत पहिल्यांदाच क्रूझवर गेले. आज शेवटचा दिवस, म्हणून आईला समुद्र दाखवायला सकाळी जहाजावरचं अर्ध्या तासाचं नेट घेतलं.

बार्शीटाकळीला व्हिडिओ कॉल लावला. आईनं उचलला आणि "थांब वं" म्हणत फोन थेट काकांच्या हातात दिला!

मग काकू, शेजारच्या ताई, त्यांच्या सासूबाई. प्रत्येकाचं "जेवली का?" पासून सुरू. काकांना डेकवरचा स्विमिंग पूल दिसला. "चारी बाजूनं पाणीच हाये, मंग वरतं आणखी टाकं काहून बांधलं?"

मी ओरडतेय, "काका, आईला फोन द्या!"

शेवटी आई दिसली, धापा टाकत.

"पाहिलास का गं समुद्र?"

"नाई वं, मी सगळ्याइले बोलावून राहिली होती. आता दाखव मले."

मी फोन वळवला आणि नेट संपलं.

आता बंदरात उतरून हे लिहितेय. पंगत उठल्यावर जेवायची आईला जन्माची सवय. समुद्रही तसाच पाहायला निघाली होती. सांगा, चिडू तरी कोणावर?