परत गेलेल्यांचा रकाना

वाहतूक कचेरीत त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: थांब्यासमोर उभं राहून माणसं मोजायची. चढला की एका रकान्यात रेघ, उतरला की दुसऱ्यात. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. बायको चिडवायची, पाहुणे आले तरी हे आधी डोकी मोजतात आणि मग "या, बसा" म्हणतात. कामाचा नियम एकच होता, मोजताना कुणाशी बोलायचं नाही. बोललं की माणूस निसटतो.

या साध्यासरळ माणसाला एकोणीस वर्षं त्याची मेलेली बहीण दिसत होती. भरदुपारी, कुठल्याही थांब्यावर. राखाडी शाल, हातात दवाखान्याची फाइल. ती यायची, बसच्या पायऱ्यांकडे बघायची आणि मागे वळायची. काका तक्त्यात डोकं खुपसायचे आणि वर बघेपर्यंत तिथे कुणी नसायचं. संध्याकाळी चहाचा कप पुढे करताना बायको विचारायची, "आज दिसल्या का ताई?" काका होकाराची मान हलवायचे.

त्यामागचं कारण काकांच्याच अक्षरात कचेरीच्या कपाटात पडून होतं. टेकडीवरच्या वस्तीत जाणारी जुनी ट्राम काढून बस सुरू केली, तेव्हा बस पुरते का हे बघायला सहा महिन्यांनी काकांना पाठवलं होतं. ताई तिथेच राहायची. गुडघे कामातून गेलेले, उपचारांसाठी आठवड्यातून तीनदा दवाखाना. ट्रामची फरशी खाली होती, बसला मात्र तीन उंच पायऱ्या. ताई आली, तिने बस बघितली आणि रस्त्यापलीकडच्या भावाला "उद्या जाते रे" अशी हाताने खूण केली. काका नियमाला धरून गप्प राहिले. ती चढली नाही आणि उतरलीही नाही, म्हणजे तक्त्यासाठी ती आलीच नव्हती. सात दिवसांत चार वेळा असं झालं. काकांनी अहवालात लिहिलं, "गर्दी नाही. बस पुरेशी आहे." पावसाळा संपायच्या आत ताई गेली. उपचार फार चुकले, असं डॉक्टर म्हणाले.

आता निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि शहर पुन्हा त्याच प्रश्नापाशी आलं होतं: टेकडीवर काय न्यायचं? नव्या इंजिनिअर मॅडम हुशार, तोंडाने फटकळ. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला.

"मेट्रो खांबांवरून जाईल, पण जिने आले, आणि ती होईपर्यंत आपण सगळे म्हातारे होऊ. बसला राखीव मार्गिका दिली तर काम लवकर होतं, पण बस चढावर रखडते. लाइट रेल रस्त्यावरूनच जाते, फलाट आणि डबा एका पातळीत, चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत. फक्त तेवढे प्रवासी हवेत. टेकडीवर ते नाहीत, जुन्या अहवालात आकडा आहे. रूळ पायथ्याशी थांबवू. वर बस पुरेशी आहे."

आपलंच वाक्य काकांनी त्यांच्या तोंडून ऐकलं. ते उठून उभे राहिले. मीटिंगमध्ये काका बोलतात हेच कुणाला माहीत नव्हतं.

"मॅडम, तो आकडा खोटा आहे. माझाच आहे. येऊन परत गेलेली माणसं मी मोजलीच नाहीत. माझी सख्खी बहीण होती त्यात."

मॅडमनी पेन घेऊन कोऱ्या तक्त्यावर स्वतः तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, "परत गेले."

"सात दिवस घ्या, काका. माणसं दाखवा, मी रूळ वर नेण्यासाठी भांडते."

काका टेकडीवर गेले, थांब्यासमोर उभे राहिले. पहिल्या दिवशी कुणीच परत गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धडधाकट माणसं यायची, टुणकन चढायची आणि जायची. ताईसुद्धा आली नाही. एकोणीस वर्षं जिची भीती वाटली, तिची काका आता डोळ्यांत तेल घालून वाट बघत होते. सातव्या दिवशी दुपारी तिसरा रकाना कोराच होता. खोटी रेघ ओढायला पेन टेकवलंही, पण ओढली नाही.

थांब्याला लागूनच एक घर होतं. खिडकीत एक म्हातारा बसलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी मंद, सातही दिवस तसाच. काकांनी सगळा जन्म पाळलेला नियम मोडला आणि ते रस्ता ओलांडून त्याच्या कानाशी गेले.

"आजोबा, तुम्ही कधी बसने जात नाही का?"

"पहिली दोन वर्षं थांब्यावर यायचो. पायऱ्या चढवेनात, मग परत यायचो. मग यायचंच सोडलं." म्हाताऱ्याने गल्लीकडे बोट केलं. "त्या घरातली, त्याच्या पलीकडची, वरच्या दोघी बहिणी. सगळ्यांनीच सोडलं. आता बस जाते का अजून?"

"जाते," काका म्हणाले. "तुमच्या दारावरूनच. दर वीस मिनिटांनी."

"असं होय," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, ट्राम काढली तेव्हा आम्हालाही काढून टाकलं."