आधी पाणी

"आधी पाणी!"

ब्रदर वॉर्डात शिरले की पहिले शब्द हेच. गुड मॉर्निंग वगैरे नंतर. हातात पत्र्याचा जग. पेशंट घोट घेईपर्यंत खाटेपासून हलायचे नाहीत. स्वतःचा चहा तोवर थंडगार. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, जवळ असली की त्यांच्यावर नुसतं चिडायला होतं.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. बर्मिंगहॅमबाहेरच्या एका मठात आजाऱ्यांसाठी वॉर्ड होता, तिथे मी नर्स होते. साताऱ्याहून आलेली, थंडीने काकडलेली. ते मठातले संन्यासी म्हणून ब्रदर, मी नर्स म्हणून सिस्टर. नातं आयतंच जुळलं.

"अहो, आधी चहा घ्या ना तुमचा," मी कावायचे.

"मी घोडदळातला, सिस्टर. आधी घोडे, मग आपण."

"हे काय घोडे आहेत होय?"

"दोघे तर लाथासुद्धा मारतात," ते कुजबुजायचे.

मठात जेवताना कुणी बोलायचं नाही. एकाने उभं राहून संतांचं चरित्र वाचायचं. सणाच्या दिवशी आम्हा नर्सेसनाही दाराजवळच्या टेबलावर जागा मिळायची. वर्षातून एकदा ब्रदरांच्या लाडक्या संताचा, एका सरदाराचा दिवस यायचा. मध्ययुगातला हा चिलखतवाला लढायांना विटला, मठाच्या दारात तलवार ठेवली, घोडा परत पाठवला आणि पाद्री न होता साधा ब्रदर होऊन जन्मभर आजाऱ्यांचं करत राहिला. ते वाचन आमच्या ब्रदरांकडेच. घोड्यापाशी आले की मान वर करून पदरचं एक वाक्य घालायचे: "पण आधी त्याने घोड्याला पाणी पाजलं."

मठाचे प्रमुख फादर नियमाचे पक्के. "हे पुस्तकात नाही, ब्रदर."

"नसेल, फादर. पण घोडा तहानलेला होता."

कुठला घोडा, ते मला ठाऊक होतं. एकदा बँडेज गुंडाळता गुंडाळता त्यांनीच सांगितलं. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ते इजिप्तमध्ये होते. घोडे मायदेशी न्यायचे नाहीत, तिथेच विकायचे, असा हुकूम. एका सकाळी यांना घाईघाईने गाडीत बसवलं. रांगेत बांधलेला त्यांचा घोडा मान वळवून बघत होता, समोर बादली रिकामी.

"मला वाटलं, पाणी आणायला वेळ मिळेल," ते म्हणाले.

मी तोंड फिरवलं. माझी गाडी सुटली तेव्हा आईही स्टेशनवर डबा हातात धरूनच राहिली होती. फार आठवण आली तिची.

मग एका वर्षी फादरांनी बजावलं, या खेपेला पुस्तकात आहे तेवढंच वाचायचं. ब्रदरांनी आज्ञा पाळण्याची शपथ घेतलेली. त्या जागी आले आणि थांबले. सगळ्यांचे चमचे थांबले. त्यांचे ओठ हलले, पण मुकाट्याने पान उलटलं. मला असा राग आला म्हणून सांगू! वॉर्डात येऊन मी बेडपॅन आदळले.

"फादरांचं बरोबर आहे," ब्रदर म्हणाले, आणि जग घेऊन निघाले.

त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. शेवटी मी चमच्याने पाणी द्यायला गेले, तर त्यांनी शेजारच्या खाटेकडे बोट केलं. आधी त्याला.

पुढच्या वर्षी सरदाराचा दिवस आला. कोण वाचणार, म्हणून आम्ही बघतोय, तर खुद्द फादर उठले. एकसुरी वाचत घोड्यापर्यंत आले. मग पुस्तक मिटलं, चष्मा काढला.

"पण आधी त्याने घोड्याला पाणी पाजलं," फादर म्हणाले. चष्मा पुन्हा चढवला, आणि म्हणाले, "पोटभर."