शेंड्याचे तळवे

तिचा चेहरा कितीतरी लोकांनी पाहिला. ज्यांनी कधी पोलादपूरचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनीसुद्धा पाहिला. मला मात्र आठवतात ते तिचे तळवे. उजव्या अंगठ्याखाली घट्टा, डाव्या टाचेला आडवी भेग, आणि दोन्ही कायम गार. दोन वर्षं ते तळवे माझ्या पाठीवरून चढले. शाळेच्या मानवी मनोऱ्यात मी तळाला होते आणि ती टोकाला. गोविंदा पथकात टोकावरच्या पोराला एक्का म्हणतात. आमचे पीटीचे सर तिला शेंडा म्हणायचे, म्हणून मग सगळी शाळाच म्हणायला लागली. शेंडा आली, शेंडा जेवली, शेंडा रुसली. हजेरीपटावर तिला चांगलं नाव होतं, ते बहुधा हजेरीपटालाच माहीत असावं.

शाळा पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या बाजूला होती. मी आठवीत, ती पाचवीत. आम्ही दोघी डोंगरावरच्या वाड्यांतल्या, सकाळी गुरं सोडून पायवाटेने खाली उतरणाऱ्या. मी अंगाने थोराड, भाताचे भारे वाहून खांदे रुंद झालेले. सरांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ही खाली." आणि तिच्याकडे बघून म्हटलं, "ही वर." आमची ओळख एवढ्यावरच झाली.

चढण्याआधी ती तळवे पुसायची. उजवा डाव्या पोटरीला, डावा उजव्या पोटरीला, दोन-दोनदा. मग माझ्या कमरेवर बोटांनी टकटक करून म्हणायची, "आले गो ताय." हे न म्हणता ती एकदाही चढली नाही. सर एकदा वैतागले. "अगं, चढतेस तर चढ, सांगतेस काय?" तर तिथूनच म्हणाली, "सांगितल्याबिगर कुनाच्या अंगावर पाय द्यायचा काय सर?" खाली वाकलेल्या आम्ही सगळ्या हसलो आणि तळ हलला म्हणून वर सरांचा ओरडा खाल्ला.

तळाच्या मुलींना जमिनीशिवाय काही दिसत नाही. गोल करून, एकमेकींच्या खांद्यांत हात अडकवून, मान खाली घालून उभं राहायचं. सरांचा एकच नियम होता: हनुवटी छातीला. मान खाली असली की खांदे सपाट आणि घट्ट राहतात. मान उचलली की खांद्याला उतार येतो, आणि वर उभ्या असलेल्या मुलीचा पाय त्या उतारावरून सरकतो. "तळाच्या मुलीला तोंड नसतं," असं सर म्हणायचे, आणि ते आम्हाला बढती मिळाल्यासारखं वाटायचं.

आमच्या वाटचं बघायचं काम शेंडा करायची. वर पोचली, सलाम ठोकला, की तिथून बातम्या सुरू. "ताय, तुझी आये म्हस पान्याला घेऊन पऱ्ह्याकडं चाललीय." "हेडमास्तर खिडकीत शेंगा खातायत." "घाटात ट्रक बंद पडलाय गो, लय गाड्या थांबल्यात." आम्ही मातीकडे बघत ऐकायचो. अंगावर तीन थरांचं ओझं असताना हसू दाबायला फार ताकद लागते. तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्या आलो, तेव्हाही ती वरून म्हणाली होती, "पाहुण्यांना झोप लागलीय."

मग त्या पंधरा ऑगस्टला तिचा चुलतभाऊ मुंबईहून आला. कॅमेऱ्याचा मोबाईल तेव्हा आमच्याकडे नवलाचा होता. मैदान निसरडं होतं. शेंडा वर पोचली, सलामाला हात उचलला, आणि तिचा एक पाय सटकला. क्षणभर ती एका पायावर लटपटली, सावरली, आणि खळखळून हसली. ते सगळं त्या मोबाईलमध्ये आलं. त्याने मुंबईला जाऊन ते इंटरनेटवर टाकलं. महिन्याभरात पोलादपूरच्या स्टँडवरच्या मोबाईलच्या दुकानात तीच क्लिप. बाजारात बायका तिचे गाल ओढायच्या, पुरुष खिशातून मोबाईल काढायचे. मला आधी आनंदच झाला. क्लिपमध्ये माझी पाठ दिसत होती, ती मी घरच्यांना बोटाने दाखवली.

सर आम्हा सहा-सात जणींना महाडच्या सायबर कॅफेत घेऊन गेले. पडदे लावलेली अंधारी खोपटी, आणि आम्ही एकमेकींच्या अंगावर रेलून कॉम्प्युटरवर ती क्लिप बघत होतो. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते सर वाचून दाखवत होते. शाब्बास, वाघीण, कोकणची शान. मध्येच ते अडखळले आणि चार ओळी सोडून खालून वाचू लागले. शेंड्याने लगेच विचारलं, "मधला का नाय वाचला सर?" सर म्हणाले, "इंग्रजी आहे." इंग्रजी नव्हतं. इंग्रजी अक्षरांत हिंदी होतं आणि मला अक्षरं लावता येत होती. अकरा वर्षांच्या पोरीबद्दल कुणा बाप्याने जे मनातही आणू नये, ते तिथे लिहिलेलं होतं, आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी हसल्याचं चिन्ह काढलं होतं. येताना एसटीत सर म्हणाले, "चार वाईट असतात, शंभर चांगले असतात." मला अजूनही त्या चारांपेक्षा शंभरांचीच जास्त किळस येते, आणि त्याचं कारण पुढे आहे.

ते शंभर चांगले लोक तिला काय म्हणायला लागले? "बाळ, ते घसरून दाखव ना." मनोरा नीट लागला, सलाम झाला, की टाळ्या अर्ध्याच पडायच्या. घसरणं राहिलं ना! जत्रेत, शाळेच्या संमेलनात, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, सगळीकडे तेच. चुकून झालेली गोष्ट त्यांना पुन्हा चुकून झालेली बघायची होती. शेवटी सरांनी ते घसरणंच बसवलं. सलाम, डावा पाय सोडायचा, लटपटायचं, सावरायचं, हसायचं. हे आम्ही आठवडाभर घोटलं. ज्या माणसाने आम्हाला पाय रोवायला शिकवलं, तोच शिट्टी वाजवून पाय सोडायला शिकवत होता, आणि त्याला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

वरून बातम्या येणं बंद झालं. मी एकदा खालून विचारलं, "काय दिसतंय गो?" तर वरून दात आवळून आवाज आला, "हसतेय ना मी. बोलू नको."

तिचं जेवण तुटल्याचं सगळ्यांत आधी माझ्या खांद्याला कळलं. पाय टेकायची, पण भार जाणवायचा नाही. आणि तळवा थरथरायचा. पूर्वी कधी थरथरला नव्हता. चुलतभावाने फोनवर सांगितलं होतं म्हणे, की मुंबईच्या पथकातल्या पोरी बघा कशा काटकुळ्या असतात, ही आता अंग धरायला लागलीय, लोक लिहितायत. मग तिची आई तिला दर शनिवारी रेशनच्या दुकानात नेऊन धान्याच्या काट्यावर बसवायची. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात वजनं, आणि भोवती बघे. अर्धा किलो कमी भरला की दुकानदार आरोळी ठोकायचा आणि लोक हसायचे. तिची आई दुष्ट नव्हती. शेरडांमागे उन्हातान्हात फिरणारी बाई, तिला वाटलं पोरीचं नशीब उघडतंय. पण ज्या घरी दुपारी तीन भाकऱ्या मोडणारी पोर होती, तिथे ती चतकोर खाऊन उठायला लागली. मी एकदा माझ्या डब्यातली नाचणीची भाकरी तिच्यापुढे केली. तिने वास घेतला, डोळे मिटून घेतला, आणि डबा परत सरकवला. "नको गो ताय. परवा महाड हाय."

महाडला गोपाळकाल्याचा मोठा कार्यक्रम होता. आम्ही तोपर्यंत चार थर लावायचो, तिथे पाच लावायचं ठरलं. चौकात माणसांचा समुद्र, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि केबलवाल्यांचा खांद्यावर घ्यायचा कॅमेरा. हवं तर मी इथे त्या कॅमेरावाल्यावर सगळं ढकलून मोकळी होऊ शकते. त्याने एवढंच केलं, की आम्ही तळाचा गोल धरला तेव्हा तो वाकून आमच्या उंचीला आला आणि म्हणाला, "खालच्या पोरींचे चेहरेपण घेणार आहे आज. मी हात केला की इकडे बघा, हसा." सर त्याच्या शेजारीच उभे होते. त्यांनी हे ऐकलं आणि केस सारखे केले.

पाठीवर टकटक झाली. "आले गो ताय." गार तळवा कमरेवर, मग खांद्यावर, मग गेला. पाचवा थर लागला. गर्दीचा गलका वाढला त्यावरून कळलं, की सलाम झाला. मला पुढचं सगळं पाठ होतं. आता ती डावा पाय सोडणार होती. नेमक्या त्या वेळी, तळाने दगड होऊन उभं राहायचं त्या वेळी, कॅमेरावाल्याने हात केला.

मी मान उचलली.

दोन वर्षं मी नुसती पाठ होते. मला एकदा दिसायचं होतं. एवढंच कारण, याहून चांगलं कारण मला आजवर सापडलेलं नाही. मी त्या काचेकडे बघून हसले. माझ्या खांद्यावरच्या मुलीचा पाय सरकला, तिने वरची सोडली, आणि एका पायावर उभ्या असलेल्या शेंड्याला धरायला काहीच उरलं नाही. ती गोलाच्या बाहेर, रस्त्यावर पडली. आवाज गाण्यात ऐकू आला नाही. तिच्या डाव्या पायाचा घोटा उलट्या दिशेला वळलेला मी पाहिला, आणि त्याच्यावर झुकलेले दहा-बारा मोबाईल पाहिले. मला वाट करून तिच्यापर्यंत पोचायला त्या शंभर चांगल्या लोकांना ढकलावं लागलं, कारण कुणी मोबाईल खाली करायला तयार नव्हतं.

पडण्याची क्लिप पहिल्या क्लिपपेक्षा जास्त चालली. कुणीतरी तिला विनोदी गाणं लावलं. स्टँडवरच्या दुकानात ती मागून घ्यायला लोक रांगेत उभे राहायचे, त्यांत आमच्या वाडीचेही होते. सर म्हणाले, "दैव." दिवाळीनंतर ते बदली घेऊन गेले, निरोपही न घेता. महाडच्या मंडळाने पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेच्या मुली आणल्या. आणि त्या क्लिपमध्ये, पडण्याच्या आधी, खाली उजवीकडे, एक थोराड मुलगी मान वर करून दात दाखवतेय. ती अजून तिथेच आहे. आजही कुणी लावली तर ती हसते, आणि दर वेळी मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

महिन्याने मी धीर करून तिच्या घरी गेले. ती पडवीत खाटेवर होती, पाय प्लास्टरात, आणि पुढ्यात भाताची ताटली. भात खात होती, त्याचं मला बरं वाटलं. मी उंबऱ्याशीच उभी राहून सांगून टाकलं, "मान मी वर केली गो. माझ्यामुळं पडलीस."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मुंबईच्या दादाच्या मोबाईलमधे बगितला ना." तिने घास गिळला. "हसताना चांगली दिसतेस गो ताय. मी तुझी नुसती पाठच बगितलेली."

टोमणा असता तर मला सोसला असता. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तशीच मागे फिरले आणि पायवाटेने घरी येईपर्यंत रडले.

प्लास्टर निघालं तरी पाय सरळ झाला नाही. चुलतभावाच्या बापाने, म्हणजे तिच्या काकाने, तिला मुंबईला न्यायचं ठरवलं, पुढचे उपचारही तिकडे आणि शाळाही तिकडे. मी पोलादपूरच्या स्टँडवर गेले. काका पिशव्या घेऊन आधीच गाडीत जागा धरायला चढला होता, आई खाली उभी राहून पदराने डोळे पुसत होती. एसटीची पहिली पायरी उंच असते. शेंड्याने दांडी धरली, उजवा पाय उचलून पाहिला, पण डावा भार घेईना. दोनदा केलं. लोक बघायला लागले. कंडक्टर म्हणाला, "उचला तिला कुणीतरी."

मी पुढे झाले आणि दाराशी हात-गुडघे टेकून वाकले, पाठ सपाट. ती बराच वेळ हलली नाही. पाठीमागे कुणीतरी घाई करत होतं. मी वाकूनच राहिले. तिने नाही म्हटलं असतं तर ते बरोबरच झालं असतं, हे मला ठाऊक होतं.

मग चप्पल काढल्याचा आवाज आला. आईचा खांदा धरून तिने उजवा तळवा डाव्या पोटरीला दोनदा पुसला. डावा वर पोचेना, तो हाताने पुसला. माझ्या कमरेवर बोटांनी टकटक केली.

"आले गो ताय."

मी हनुवटी छातीला लावली. तळवा पाठीवर आला, तसाच गार. अंगठ्याखालचा घट्टा मात्र मऊ पडला होता. मग भार आला आणि निघून गेला. वरून ती काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं, कुणी मला रस्ता सोडायला सांगितलं, कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी हलली तरी मी मान वर केली नाही.